दोन कार्डं, एक माणूस

१६ डिसेंबर
मारोती गेला गावाकडं, दुपारच्या गाडीनं. येळवसीचा सण शेतातच करायचा म्हणून आठ दिवसापासून बेजार झालता. "तिकडं सगळे भज्जी खायलेत आन् आपण भिवंडीत खोके मोजायलो, ही काय जिंदगी हाय का?" देवकर साहेबानं सुट्टी दिली न्हाई. तरी गेला. जाताना कार्ड माझ्या हातात दिलं. "बाल्या, चार दिवस टेकव. मी आल्यावर तू जा, तुझं मी टेकवतो."
गोदामात सगळेच करतेत हे. कुणाचं लेकरू आजारी, कुणाची माय. कार्ड सोबत्यापाशी ठिवायचं आन् जायाचं. दारावरच्या मशीनला कार्ड टेकवलं की टिट वाजतं, हजेरी लागती. मशीनला कार्ड कळतं, माणूस कळत न्हाई. आन् मारोती काय परका न्हाई, मावसभाऊच हाय.

१७ डिसें.
पहिल्याच दिवशी घोळ. दोन्ही कार्डं एकाच खिशात ठिवलेली. सवयीनं खिसाच मशीनला लावला. वाजंना. पुन्हा लावला. वाजंना. मागं लाईन. वॉचमन म्हणला, "काय बे, मशीनचा मुका घ्यायलास का?" सगळे हसले.
मग ध्यानात आलं. दोन कार्डं एकावर एक असली की दोघं एकदम बोलल्यासारखं होतं, मशीनला कुणाचंच कळत न्हाई. आता माझं डाव्या खिशात, मारोतीचं उजव्या. एक टेकवायचं, थोडी माणसं पुढं जाऊ द्यायची, बूट बांधायचं निमित्त करून मागं यायचं, दुसरं टेकवायचं.

१९ डिसें. अमावस्या
येळवस. मारोतीचा व्हिडिओ कॉल. कडब्याची खोप, आत चुन्यानं रंगवलेले दगडाचे पांडव, मावशी आंबिलाचं मडकं घिऊन खोपीभोवती फिरायली. मी जिन्यात बसून बघायलो. माझी माय बी तिथंच. दोघी बहिणी एकाच गावात दिलेल्या, पालमपासून जवळच. माय म्हणली, "सगळे आले, तूच कामून आला न्हाईस?" काय सांगू. तुझ्या बहिणीचं लेकरू माझ्या खिशात हाय म्हणून?
पोटात कँटीनचे पोहे. शेंगा-पालेभाज्यांच्या भज्जीचा वास काय मोबाईलमधून येत न्हाई.

२३ डिसें.
आला न्हाई. मावशीचा फोन. काका, म्हणजे मारोतीचा बाप, बांधावरून घसरले, पायाला प्लास्टर. तूर काढायला आलेली. मारोती तिकडंच राहणार, "थोडे दिवस".
पण खरी गोष्ट मावशीनं मागून सांगितली. येळवसीला शेतात गंगाखेडकडचे सोयरे आलते, सोपानराव. त्यांची पोरगी अश्विनी. पोरगं बघून गेले. पसंत हाय. पौष संपला की सुपारी फोडायची. फकत सोपानरावाचं एक म्हणणं हाय, नुसत्या शेतीवाल्याला पोरगी द्यायची न्हाई. पोरगं कंपनीत पाहिजे. त्यांचा कुणी भाचा कल्याणला हाय, तो चौकशी करणार.
"बाळू, तुझ्या हातात हाय बाबा त्याचं लगीन."
माझ्या हातात कुठंय मावशे. खिशात हाय.

२७ डिसें.
नुसती हजेरी लावून भागत न्हाई. खोके बी मोजावे लागतेत. आमच्याकडं गन हाय, हातात धरायची. आधी आपलं कार्ड गनला टेकवायचं, मग खोक्यावरच्या काड्याकाड्याच्या लेबलवर लाल उजेड मारायचा. टिट. ते खोकं आपल्या नावावर. मारोती वरच्या मजल्यावर, मी खाली. म्हणून जेवणाच्या आधी खाली माझ्या नावानं मारतो, जेवण झालं की वर जाऊन त्याच्या नावानं. वरचे पोरं गप. उद्या त्यांना बी गरज पडंल.
हात सुजलेत. बोटाला झोपेत बी गनचं बटण दाबायची सवय लागली म्हणं. खोलीतला एकजण सांगायला होता.

३१ डिसें.
देवकर साहेब, म्हणजे आमचा सुपरवायझर, याला आमी खोलीत दे. सा. म्हणतो. माणूस वाईट न्हाई, ओरडत न्हाई, फकत स्क्रीनकडं बघून बोलतो. आज बोलावलं. "तुझा आकडा पडलाय. तुझ्या भावाचाही. दोघं मिळून एका माणसाचं काम करताय."
मी उजवा खिसा हातानं झाकला. तो आपला सहज बोलला होता.

३ जानेवारी
सेलूवरून मामाचा फोन. माय आन् मावशीचा धाकटा भाऊ, जिनिंगमध्ये मुकादम हाय. तिथं आता कापसाच्या गाठीला बी लेबल लावायलेत, चौकोनी ठिपक्याठिपक्याचं. कुठल्या गावचा कापूस, कुठल्या दिवशी दाबला, मोबाईल धरला की सगळं दिसतं. त्यांना गनवरचा माणूस पाहिजे. "इथले पोरं लेबल उलटं चिटकवायलेत रे. तू ये. माझ्या घरी राहा, मामीच्या हातचं खा. सीझन हाय तवरच न्हाई, पुढं सरकीच्या गोदामात बी ठिवून घेतील. पण महिनाअखेरपर्यंत ये, न्हाई तर मालकाचा साडू हाय त्याला बसवतेत."
सेलू! ज्वारीची भाकर. दिवसा सूर्य दिसायचं काम. आईतवारी बसनं मायकडं.
लगेच हो म्हणलं. मग फोन ठिवला आन् उजव्या खिशाला हात लागला.

४ जाने.
मारोतीला सांगितलं मामाचं. मग म्हणला, "लग्नापर्यंत थांब गड्या."
"लगीन कधी?"
"पाडव्याच्या पुढं."
म्हणजे उन्हाळ्यापर्यंत मी दोन माणसं.
"तू ये की मग. येऊन कर तुझं काम."
"काकांचा पाय..." बापाला काकाच म्हणतो तो. मग म्हणला, "बाल्या, खरं सांगू? मला न्हाई यायचं तिकडं. कधीच. तिथं माझा जीव जातो."
माझा काय इथं लय नाचायला हाय का.
हे बोललो न्हाई. बोलायला पाहिजे होतं.

८ जाने.
मोठ्या दाराला नवीन गेट बसवायलेत. दोन्ही बाजूला पांढऱ्या पाट्या, पुरुषभर उंच. बसवणारा पोरगा नागपूरकडचा, हसरा. त्याला विडा खाऊ घातला आन् सगळं इचारून घेतलं.
त्यानं खोक्यांनी भरलेली ट्रॉली गेटातून ढकलली. थांबवली न्हाई, एकाही खोक्याला हात लावला न्हाई. स्क्रीनवर सगळे खोके आले, एकदम. लेबल आतल्या बाजूला असलेले, खालचे, मधले, सगळे. मी सकाळभर गन मारून जेवढं करतो तेवढं एका ढकलीत. या नव्या लेबलच्या पोटात तांब्याच्या तारेसारखी बारकी नक्षी हाय. सेल न्हाई, काही न्हाई. गेट हाक मारतं, त्या हाकेच्याच जोरावर नक्षी ओ देती.
"मग गनचं काय?"
"गन राहील ना भाऊ. हे महाग आहे. आणि याला पाण्याचं, पत्र्याचं जमत नाही." दाखवलं. तेलाच्या डब्यांची ट्रॉली ढकलली, निम्मे डबे दिसलेच न्हाईत. पाण्याच्या बाटल्याचं बी तसंच. "धातू आणि पाणी, दोघांपुढे हे आंधळं."
ध्यानात ठिवलं.

१० जाने.
सगळ्यांच्या कार्डाला मागून नक्षीवालं लेबल चिटकवलं. दे. सा. नी गठ्ठाच दिला, खोलीखोलीनं वाटा म्हणून. मारोतीचं मलाच मिळालं. आता टेकवायचं बंद. नुसतं गेटातून चालत जायाचं. गेट वर बी बसवलंय, जिन्यापाशी, कँटीनच्या दारात, संडासाच्या बोळीत.
झोप येईना म्हणून इचार करायलो. गनला लेबल दाखवावं लागतं. मनात नसलं तर वळवून धरता येतं. टेकवायच्या मशीनपासून हात मागं घेता येतो. दोन्हीला माणसाची मर्जी लागती थोडी तरी. या गेटाला न्हाई म्हणता येत न्हाई. ते इचारतच न्हाई. खिशातलं कार्ड आपणहून ओ देतं, आपण गप असलो तरी.

१२ जाने.
आज गेटातून पहिल्यांदा. एकाच टायमाला दोन नावं. स्क्रीनजवळच्या पोरानं बघितलं न्हाई, चहा पीत होता.

१३ जाने.
भाकर बांधतो त्या चांदीच्या कागदात मारोतीचं कार्ड गुंडाळलं. गेट गप. मी एकटाच आत. मग बाहेर आलो, माझं गुंडाळलं, त्याचं सोडलं. मारोती आत. काम झालं!
खोलीत आल्यावर नागपूरच्या पोराला मनातल्या मनात नमस्कार केला. आन् मग लाज वाटली. भाकरीच्या कागदात माणूस बांधायलो मी.

१४ जाने. संक्रांत
मायचा फोन, तिळगूळ ठिवलाय म्हणली. मामाचा फोन, येणार ना? येतो म्हणलं. मावशीचा फोन, थांबशील ना? थांबतो म्हणलं.

२० जाने.
कागद फाटतो सारखा. घाईत एकदा वर जाताना दोन्ही उघडी राहिली. एकदा दोन्ही बांधलेली, मग तासभर मीच गोदामात न्हाई. वर पळ, खाली पळ, जिन्यात कागद सोड, बांध. पोरं म्हणतेत, "काय रे, पुडी बांधून इकायलास का?"
मुतायला जाताना बी इचार, आता कोण चाललंय.

२८ जाने.
धरला.
दे. सा. नी स्क्रीनसमोर उभं केलं. गोदामाचा नकाशा आन् त्यावर ठिपके फिरायलेत, एकेक माणूस एकेक ठिपका. मागच्या आठवड्याचं पळवून दाखवलं. दोन ठिपके. खाली सोबत. जिन्यात सोबत. एक विझला की दुसरा पेटायला. कँटीनमध्ये एकावर एक.
"संडासलाही एकत्रच?" दे. सा. हसले. "लग्न लावलंय का तुमचं?"
"मावसभाऊ हाय साहेब. लहानपणापासून संगंच..."
"असं? मग सोमवारी सकाळी दोघंही माझ्यापुढे उभे राहा. एकत्रच." हसायचे थांबले. "दुसऱ्याचं कार्ड वागवलं तर दोघंही बाहेर. भिवंडीतल्या एकाही गोदामात उभं करणार नाहीत. तुला माहिती आहे ना?"
हो म्हणलं.
बाहेर येऊन मारोतीला फोन. "सोमवारी ये. कसंबी करून."
"शनिवारी सुपारी हाय रे."
"म्हणून तर. सुपारी फोड, आईतवारी गाडीत बस."
"तूच ये न्यायला," म्हणला. मला वाटलं चेष्टा करायलाय. न्हाई. "तू आलास की येतो. आईशप्पथ."

३० जाने.
दोन दिवसाची सुट्टी दिली दे. सा. नी, भावाच्या सुपारीला दोघं जातो म्हणलं तर लगेच. परभणी ठेशनाला उतरलो, तिथून गंगाखेड, तिथून पालमची बस. बसमध्ये पलीकडच्या गावची म्हातारी म्हणली, "तू शांताबाईचा ना? लय वाळलास." कुणी कार्ड इचारलं न्हाई. लांबूनच ओळखलं.
शेतात गेलो तर मारोती तुरीच्या काड्या रचायला होता. अंगानं भरलाय. मला बघून धावत आला, मिठी मारली. मला त्याचा राग धरायचा होता, जमलं न्हाई. म्हशीच्या कानात पिवळा बिल्ला, वर काड्याकाड्या. म्हणलं, हिला कशाला? "सरकारी हाय. लस टोचली की मोबाईल धरतेत." म्हशीनं कान हलवला. मी उगंच खिशावर हात ठिवला.
काका बाजेवर, पाय पुढं. "बाळू आला का? आता माझ्या मारोतीची कंपनी काय म्हणती?"
काय म्हणणार.

३१ जाने.
सुपारी फुटली.
मंडप न्हाई, अंगणात सतरंज्या. सेलूवरून मामा आलते. सोपानराव समोर बसले. बारीक माणूस, पण नजर गनसारखी, जिथं पडंल तिथलं वाचून घेणारी. म्हणले, "कार्ड दाखवा की पावणं, कंपनीचं." मारोती माझ्याकडं बघायला. मी खिशातून काढून दिलं, चांदीच्या कागदातून. "जपून ठिवलंय हो," सोपानराव म्हणले. त्यांच्या पोरानं मोबाईल धरला मागच्या ठिपक्याठिपक्याच्या चौकोनावर. काहीतरी उघडलं, पासवर्ड मागायलं. "कंपनीचंच हाय," तो म्हणला. सगळे खूश.
मग सोपानराव माझ्याकडं वळले. "तुमी संगंच कामाला? खरं सांगा बाबा, पोरीचा सवाल हाय. रोज जातो ना हा कामावर?"
मावशी दारात, पदर तोंडाला.
"रोज माझ्या संगं असतो," मी म्हणलं. "एक दिवस चुकला न्हाई."
खोटं न्हाई म्हणता येत. कंपनीच्या मशीनमध्ये तसंच लिहिलेलं हाय.
सुपारी फोडली, गूळ वाटला.

मागून घरामागं पाणी प्यायला गेलो. अश्विनी तिथं हात धुवायली, संगं तिची मावसबहीण. पोरगी धीट. मला म्हणली, "भाऊजी, तिकडं खोली कशी हाय? नळाला पाणी येतं का?"
"येतं की. सकाळच्याला."
"मला शिवणाचं येतं. तिथं मशीनवर काम मिळतंय म्हणतेत. मिळंल का?"
"मिळंल."
"मी सांगितलंय आबाला, गावात राहायचं न्हाई. मारोतरावांना बी तिकडंच आवडतं म्हणं."
मी मान हलवली. कुणाकडनं हलवली, मलाच कळंना. तिचं तोंड असं उजळलं की मी तिथून सटकलो.

मारोतीला आडोशाला घेतलं. "तिला कामून सांगितलं न्हाईस?"
"लगीन झाल्यावर सांगतो."
"तिला गाव नको हाय."
"लगीन झाल्यावर आवडतं गाव."
"आन् सोमवारचं काय?"
"येतो म्हणलं ना." पण माझ्याकडं बघायला न्हाई. काड्यांच्या ढिगाकडं बघायला होता.
निघताना मामा म्हणले, "उद्याची तुझी गाडी सेलूला थांबती. पिशवी घिऊन उतर. मी ठेशनावर गाडी घिऊन थांबतो. मालकाला सांगून उद्यापर्यंत थांबवलंय, शेवटचा दिवस हाय." त्यांना कार्डाचं काहीच माहीत न्हाई.

१ फेब्रुवारी, गाडीत
पहिल्या बसला मारोती आला खरा. पिशवी न घेता. चप्पल बी शेतातली. बस सुरू झाली तरी खालीच उभा.
"बस की."
"काका पडलेत रे. म्हैस व्यायला झाली. तू सांग साहेबाला काहीतरी. तुला जमतं."
"काय सांगू?"
"सांग आजारी हाय. तू सांगितलंस की लोकांना पटतं. काल बघितलं न्हाईस का?"
कंडक्टरनं घंटी मारली. मी कार्ड काढून त्याच्यापुढं धरलं. धर तुझं, म्हणलं. त्यानं हात मागं घेतला. दोन्ही हात पाठीमागं. "बाल्या, तिला पाडव्यापर्यंत कळू देऊ नको फकत." बस हलली. कार्ड हातातच.
दारातून फेकून द्यायचं होतं. तिचं तोंड आठवलं. खिशात घातलं.

परभणीला खिडकी मिळाली. मानवत रोड गेलं. दोन्ही बाजूला कापूस वेचून झालेल्या पऱ्हाट्या.
सेलूला उतरलो तर उद्या दे. सा. च्या नकाशात एकही ठिपका न्हाई. कल्याणचा भाचा चौकशी करणार, सोपानराव फोन करणार. सुपारी मोडली तर मावशी मायशी जन्मात बोलणार न्हाई. न्हाई उतरलो तर उद्या एकटा उभा राहून खोटं बोलायचं. पटलं तर पाडव्यापर्यंत वर पळ, खाली पळ. आन् पाडव्याला काय, त्या पोरीला गावात आणून सोडायचं, मीच साक्ष दिलेली. तिला आत्ताच फोन करून सांगावं का? नंबर मावशीकडं हाय. मावशीला मागू कसा.
फोन काढला दोनदा. मामाचा मेसेज आलता, ठेशनावर आलोय.

गाडी थांबली. सेलूच्या अलीकडं, सिग्नलला. जिनिंगच्या शेडचा पत्रा दिसायलाय, कापसाचे ढीग, पांढरेफक. पिशवी वरून काढून मांडीवर घेतली.
समोरची म्हातारी केव्हापासून माझ्या खिडकीवर नजर ठिवून. "उतरायचंय का रे बाबा? मला तिथं बसू दे मग, जरा वारं लागंल."
हो म्हणलं न्हाई. न्हाई बी म्हणलं न्हाई. अर्धा सरकून बसलो.